बिनफोडणीचं वरण

अमळनेर स्टेशनवर आई मला सोडायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि काखेत काळ्या मसाल्याचा डबा. नवीनच लग्न झालेलं. हे सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते आणि मला न्यायला आले होते. गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून दोन पावलं चालली आणि म्हणाली, "तेलना हात आखडू नको, बेटा. मानूस दूर जास, पन पोट आठेच ऱ्हास." पोट इथेच राहतं, असं म्हणत तिने डबा आत ढकलला. नंदुरबार मागे पडलं आणि गाडीच्या धक्क्यांनी मसाल्याच्या डब्याचं झाकण उडालं. गाडीचा सगळा डबा शिंकायला लागला. समोरचे एक गुजराती काका नाक पुसत म्हणाले, "बेन, आ शुं लाव्या छो?" मी पदरात तोंड लपवून जी हसत सुटले ती उधना येईपर्यंत. रडत निघालेली पोर हसत सुरतेत उतरली.

गावी राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारखं गाठोडं बांधून इकडे आलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायचं कारण असं की सुरतेने माझं बरंच काही बदललं. लिंबायतच्या एका खोलीतून आम्ही दोन खोल्यांत आलो, स्टोव्ह जाऊन गॅस आला. भाजीवाल्याशी मी गुजरातीत घासाघीस करते, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडते. आमची लेक वैशाली तर चिडली की मला गुजरातीतूनच उत्तर देते. स्वयंपाक मात्र जसाच्या तसा राहिला. शेवभाजीवर बोटभर तर्री तरंगलीच पाहिजे. पाहुण्याच्या वाटीत तेलाचा लाल तवंग दिसला नाही तर तो गावी जाऊन काय सांगेल, ही धास्ती आपल्या रक्तातच असते.

आणि एके दिवशी ह्यांना चालू लूमपाशी चक्कर आली. जोडीदाराने वेळीच दंडाला धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साखरही आहे आणि बीपीही. तेल-मीठ कमी करा, असंच चालू राहिलं तर डोळे जातील, किडनी जाईल. मशीन समोर धडधडतंय आणि माणूस तोल सांभाळतोय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. हे मात्र निवांत. म्हणाले, "करू ना पथ्य." दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी टिफिन भरलेला परत आला आणि शर्टावर कारखान्याबाहेरच्या लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या, शेव-उसळीचा डाग. घरचा घास घशाखाली उतरत नाही म्हणून माणूस बाहेरचं तेल पिणार असेल, तर माझ्या पथ्याचा उपयोग काय?

वैशाली रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर बिलं करते. ती म्हणाली, "मम्मी, पुस्तकं असतात ना यासाठी." वाचनालयातून, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून, मैत्रिणींकडून तिने आरोग्यदायी पाककृतींची पुस्तकं गोळा केली. मराठी, गुजराती, हिंदी आणि एक जाडजूड इंग्रजी. दुपारी भांडी आवरली की मी आणि शेजारच्या हंसाबेन पुस्तकं पुढ्यात घेऊन बसायचो. मुलगी बघायला गेल्यावर बायका बसतात ना, तशा. नाक कसं, डोळे कसे, चालून दाखव.

इंग्रजी पुस्तक दिसायला सगळ्यांत देखणं. वैशाली वाचून दाखवायची. त्यात पहिल्याच पानावर ऑलिव्हचं तेल, पुढच्या पानावर कुठल्या परदेशी दाण्यांची खिचडी. लिंबायतच्या बाजारात ते मागितलं असतं तर दुकानदाराने आधी मला पाणी पाजलं असतं. गुजराती पुस्तकात तेल कमी होतं खरं, पण प्रत्येक भाजीत चमचाभर साखर! हंसाबेन म्हणाल्या, "ए तो जोइए ज ने," ती तर हवीच. मी म्हटलं, बेन, तुमच्या ह्यांना साखर नाही, आमच्या ह्यांना आहे. हिंदी पुस्तकात 'चार जणांसाठी' म्हणून जे माप दिलं होतं, ते लूमवरून आलेल्या एका माणसाला पुरलं असतं तर देव पावला. आणि सगळ्यांत राग आला तो एका मराठी पुस्तकाचा. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत रक्तदाबाचं नाव, आणि आत प्रत्येक पदार्थाखाली 'मीठ चवीनुसार'. अहो, चवीनुसार घालून घालूनच तर ही वेळ आली! ज्या जिभेने घोटाळा केला तिलाच परत पंच म्हणून बसवायचं?

तरीही त्यातल्या त्यात शहाणं वाटलं म्हणून त्याच पुस्तकातलं 'निरोगी ताट' मी एका संध्याकाळी मांडलं. उकडलेला दुधी, मऊ भात आणि नुसतं शिजवलेलं वरण. तवा चढवला नाही, फोडणी दिली नाही.

हे कामावरून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि ताटाकडे बघतच राहिले. हळूच उठून फोन घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, झालं, चालले लारीवर. मी रागाने पाठ फिरवली.

खरं काय झालं ते नंतर कळलं. आपल्याकडे घरात माणूस गेलं की फोडणी देत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. ह्यांनी ते ताट पाहिलं आणि धरूनच चालले की गावी त्यांची आई गेली, आणि दमून आलेल्या माणसाला कसं सांगावं म्हणून ही गप्प आहे. बाहेर जाऊन त्यांनी मोठ्या भावाला फोन लावला आणि रडत विचारलं, "कवय गयी?" म्हणजे कधी गेली. मोठे दीर शेतात होते. त्यांना वाटलं, सुरतेतच कोणीतरी गेलं. रडण्यात पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. दिरांनी लगेच सुरतेतच गोडादऱ्याला राहणाऱ्या चुलतभावाला कळवलं. तासाभरात त्याची बायको, आमची सुनंदा, दारात हजर, आणि तिच्या मागोमाग हेही. सोबत फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचं पातेलं, कारण दुःखाच्या घरात शेजार-नातलगांनीच जेवण आणायचं असतं. आल्या आल्या तिने माझ्या गळ्यात पडून असा सूर लावला की मीही घाबरून रडायला लागले. मग रडता रडता मीच विचारलं, "सुनंदा, पन गयं कोन?"

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "माय गयी ना?" मी म्हटलं, "कोणी सांगितलं?" त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. सासूबाई स्वतः. दीर धावत घरी गेले होते आणि आई ओट्यावर लसूण सोलत बसलेली त्यांना दिसली होती. वैशालीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. "माले जित्तेपनी मारी टाकं का रे?" त्या कडाडल्या. मग माझ्यावर घसरल्या, "आनि तू वं, मी जित्ती शे तोवर फोडनी देत जाय!" आम्ही सगळे जे हसलो, की हंसाबेन भिंतीपलीकडून धावत आल्या. हे तर हसताहसता डोळे पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माय बोली ऱ्हायनी, माय बोली ऱ्हायनी," आई बोलतेय. सुनंदाचं पिठलं सगळ्यांनी मिळून संपवलं. तेल भरपूर होतं त्यात, आता काय लपवायचं.

पण त्या रात्री मला पुस्तकं पारखायची खरी कसोटी सापडली. पुस्तक काय काय काढून टाकायला सांगतं, हे मी इतके दिवस बघत होते. काय ठेवायला सांगतं, हे पाहायचंच राहिलं होतं. ढिगाच्या तळाशी एक पातळ, बिनचित्रांचं पुस्तक होतं. गरीब दिसतं म्हणून मी ते उघडलंही नव्हतं. त्यात मीठ चमच्याने मोजून दिलेलं. ज्वारीच्या भाकरीला दोन पानं. आणि लिहिलं होतं की भाजी-डाळ तेलाशिवाय शिजवा, मसाला कोरडा भाजा, आणि जे एक चमचा तेल घालायचंय त्याची फोडणी करून शेवटी वरून ओता. मी उडदाच्या डाळीवर करून पाहिलं. लसूण-मिरचीची चुरचुरीत फोडणी वर पडली, वास थेट जिन्यापर्यंत गेला, आणि एका चमच्याचा तवंग वाटीभर पसरला! ह्यांनी वाटी उचलून बघितली, बोटाने चाटली आणि संशयाने म्हणाले, "हाई पुस्तकमानं शे?" मी म्हटलं, "जेवा गुमान." त्या आठवड्यात टिफिन धुतल्यासारखा परत यायला लागला.

आता गल्लीतल्या बाया पुस्तक घेण्याआधी मला दाखवून जातात. मी पहिलं मिठाचं पान उघडते. सासूबाईंनाही बीपी निघालं तेव्हा त्या पुस्तकाची एक प्रत गावी पाठवली. धाकटी जाऊ वाचते, त्या ऐकतात. परवा फोनवर त्यांचा निकाल आला, "चांगलं शे. पन पाव्हना उनात का मी ते पेटीमा टाकी देस." पाहुणे आले की पुस्तक पेटीत! पाहुण्यांसमोर अब्रू महत्त्वाची, बीपी नंतर.

सुरतेत इतकी वर्षं काढूनही ह्यांच्या तोंडी 'घरचं' म्हणजे गावाहून आलेलं. घरचा मसाला, घरच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घरची डाळ. मी रोज दोन वेळा रांधायची, तरी त्या शब्दावर माझ्या चुलीचा हक्क नव्हता. मला ते लागायचं, पण बोलले कधी नाही. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. कौतुकाने विचारलं, "काय काका, कुठलं डाएट करताय?"

हे म्हणाले, "डाएट-बिएट काही नाही हो साहेब. घरचंच खातो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर लिंबायतच्या रिक्षा नेहमीसारख्या कोकलत होत्या, आणि मला सुरतेत आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी घरी नेल्यासारखं वाटलं.