माझ्या गुडघ्यांची जाहिरात

तीन वर्षांपूर्वीची मी म्हणजे मोठी शहाणी! मेथीची जुडी चारदा उलटीपालटी करून घ्यायची, आणि गुडघ्याच्या गोळ्या मात्र मोबाईलवरचा दाढीवाला वैद्य गोड हसला म्हणून मागवल्या. डबीवर ना परवान्याचा नंबर, ना कारखान्याचा पत्ता. एक हिरवंगार पान छापलेलं होतं. मला तेवढं पुरलं.

खोटं कशाला सांगू, चौथ्या दिवशी मी मांडी घालून जेवायला बसले. दर आठवड्याला तिकडून एका मुलीचा फोन यायचा. "आई, गुडघा कसाय? जेवलात का?" पोटच्या पोरांनी कधी एवढं विचारलं नव्हतं. मी विरघळलेच. एकदा ती म्हणाली, "आई, तुमचा एक व्हिडिओ पाठवा ना."

मग काय! भाताची आवणी चाललेली. लुगड्याचा काचा मारून मी चिखलात उतरले, कमरेत वाकून रोपं लावली, गोळ्यांनी गुडघे कसे बरे झाले ते सांगितलं आणि सुनेला ओरडले, "नीट घे गं, तोंड दिसू दे!" तोंडही तेव्हा पुरीसारखं फुगलं होतं. मला वाटलं, तब्येत सुधारली. खुळी कुठली!

तो व्हिडिओ गोळ्यांची जाहिरात होऊन पिरंगुटपासून घोटावड्यापर्यंत मोबाईलमोबाईलवर फिरला. मी मिरवत होते. माझ्या धाकट्या जावेनं तो पाहिला आणि मला न सांगता गोळ्या मागवल्या. तिला आधीच साखर. दोन महिन्यांत तिच्या पायाचा अंगठा काळा पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डबी हातात घेतली. "असल्या गोळ्यांत स्टिरॉइड घालतात. लेबलवर लिहीत नाहीत. त्यानं साखर भडकते." मग माझ्या गोल तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्ही पण घेता ना? एकदम बंद करू नका, हळूहळू कमी कराव्या लागतील."

मी त्या मुलीला फोन लावला. उचलेना. सुनेच्या फोनवरून लावला, तर लगेच उचलला. सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "पण आई, तुमचे गुडघे तर बरे झाले ना?" आणि फोन ठेवला.

जावेचा अंगठा काढावा लागला. तिच्या खाटेशी बसून मी त्या मुलीचा उद्धार करत होते. आई म्हणाली मला, आई! माझ्या शिव्या संपल्यावर जाऊ माझ्याकडे वळली.

"आक्का," ती म्हणाली, "त्या पोरीला मी कुटं वळखत हुते? मी तुमच्या तोंडाकडं बघून घेतल्या गोळ्या."

"अगं, मला इचारायचं तरी."

"रोज तर सांगत हुता मोबाईलात."

मी तिच्या पायावरची चादर सारखी करायला गेले. तिनं पाय आत ओढून घेतला.