आउटरला थांबलेलं विमान

माझ्या लग्नाच्या दिवशी मामा माझ्या डोक्यावरून गेले, आणि तेही तीन-चार वेळा. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी अलंकारिक बोलतेय. मुळीच नाही. विमानाची तिकिटं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नुकतीच येऊ लागली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. मूळचे मनमाडचे, मालगाडीवर गार्ड, तेव्हा बदलीवर नागपूरला होते. आई मी शाळेत असतानाच गेली. तिच्याकडचं सख्खं असं मला हे एकच माणूस उरलेलं. आमच्यात नवरी गौरीहरापाशी बसते ती मामाने आणलेली पिवळी साडी नेसून, आणि तिथून तिला मांडवात नेतो तोही मामाच. त्यामुळे मामा वेळेवर येणं मला नवरा वेळेवर येण्याइतकंच महत्त्वाचं होतं. खरं सांगायचं तर थोडं जास्तच.

आणि नेमकी मामांची रजा अडकली. त्यांच्या जागी येणारा गार्ड आला नाही, रात्रीची गाडी हुकली. शेवटी सोबतच्यांनी त्यांना सकाळच्या मुंबईच्या विमानात बसवून दिलं. आयुष्यातलं पहिलं विमान. लग्न नाशिकला, आणि नाशिकच्या डोक्यावरून पुढे मुंबईला जायचं, तिथून टॅक्सीने मागे नाशिकला यायचं, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं, पण इलाज नव्हता.

पंचवटीतल्या कार्यालयाच्या गच्चीवर हळद चालली होती. आमच्याकडे लख्ख ऊन, पण पश्चिमेला, त्र्यंबकच्या बाजूला, ढग काळेकुट्ट झालेले. माझ्या गालाला हळद लावता लावता आत्या थांबली आणि वर बघायला लागली. उंचावर एक विमान वळत होतं. त्याच्यावर दुसरं. त्याच्याही वर तिसरं, अगदी अक्षतेच्या दाण्याएवढं. पुढे कुणीच जात नव्हतं. ढगांच्या कडेपर्यंत जायची, मोठं वळण घ्यायची, उन्हात चमकायची आणि परत यायची. आवाज मागाहून पोहोचायचा.

गाणी थांबली. सगळ्या बायका पिवळे हात कपाळावर आडवे धरून बघत राहिल्या. मला भीती वाटली, आणि भीतीहूनही मोठं काहीतरी वाटलं, त्याला मला आजही शब्द सापडलेला नाही. एवढी माणसं तिथं वर बसलेली, खाली आधार म्हणून काही नाही, आणि तरी सगळं कसं शिस्तीत, एकमेकांना धक्का न लावता चाललेलं. मी जन्मापासून नाशिकची, पण आपल्या डोक्यावर एवढी उंची आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग एकेक करून ती विमानं पूर्वेकडे निघून गेली. आत्याने माझा दुसरा गाल रंगवला.

थोड्या वेळाने वडिलांचा मोबाइल वाजला. मामा होते. वडिलांनी फोन माझ्या कानाला लावून धरला, कारण माझे हात हळदीने भरलेले.

"पोरी, औरंगाबादला आणून टाकलं गं आम्हाला," मामा म्हणाले. "मुंबईत वादळ हाय म्हणे, उतरूच देत नाय. त्याआधी तुमच्याच डोक्यावर फिरवत होते. स्टेशनात जागा नसली की आपण गाडी आउटरला उभी करतो ना, सिग्नलबाहेर? तसंच. फक्त याला उभं राहता येत नाय, म्हणून फिरवत ठेवायचं."

"म्हणजे मगाशी ते तुम्ही होता?"

"मीच की. विमानातल्या बाईंना म्हटलं, खाली ओझरला धावपट्टी हाय, दोन मिनिटं थांबवा, मी उतरतो. सामान म्हणजे ही एक पिशवीच हाय."

"मग?"

"मला चहा दिला त्यांनी."

हसता हसता मला रडू आलं. वादळ ओसरलं की हेच विमान परत मुंबईला जाणार होतं, ते कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा म्हणाले, मी इथंच उतरतो, आणि फोन बंद पडला. त्यानंतर लागलाच नाही.

मुहूर्त गोरज होता. संध्याकाळी मी आत्याची साडी नेसून गौरीहरापाशी बसले. बाहेर नवरा पाटावर उभा राहिला, तरी मामांचा पत्ता नव्हता. आत्या हळूच म्हणाली, "मनमाडचा तो चुलतमामा आलाय, त्याला उभा करू. चालतं तसं."

"मी उठणार नाही," मी म्हटलं.

आत्याने वडिलांकडे पाहिलं. माझे वडील हट्ट खपवून घेणारे नव्हते. पण ते सरळ गुरुजींकडे गेले आणि काय सांगितलं कोण जाणे, गुरुजी घड्याळ बघत थांबले. मी तांदूळ वाहत राहिले. गौरीशी भांडत होते म्हणा ना.

मामा आले ते धापा टाकत. केस धुळीने पांढरे, शर्टाला कांद्याची सालं चिकटलेली. औरंगाबादहून मनमाडला पॅसेंजरने, आणि मनमाडहून कांद्याच्या मालगाडीतून, ओळखीच्या गार्डाच्या डब्यात बसून. ती गाडीही नाशिकरोडच्या आउटरला अडकली.

"या आउटरला उतरता आलं," ते म्हणाले. "रुळांच्या कडेनं चालत आलो, मग रिक्षा."

पिशवीतून पिवळी साडी निघाली. नेसायला वेळ नव्हता, आत्याने ती घडीसकट माझ्या खांद्यांवर पांघरली. मामांनी हात पुढे केला, पण मला लगेच उठवलं नाही.

"वरून सगळं दिसत होतं गं," ते माझ्यापुरतं बोलले. "गंगापूरचं धरण, नदी, पंचवटी. खाली तुला हळद लागतेय हेबी ठाऊक होतं. पण उतरता येत नव्हतं. तेव्हा मनात आलं, ताईचं असंच होत असंल."

ताई म्हणजे माझी आई.

मी त्यांचा हात धरून उठले. मांडवात जाताना नवरीने मान खाली घालायची असते. मी वर बघितलं. वर मांडवाचं कापड होतं, तरी बघितलं.