खुंटी नंबर एकतीस

मनोरच्या पुढे रस्त्याच्या मोजणीवर मुक्कामाला होतो. दवाखान्यातला शिपाई एसटीतून उतरून शेताच्या बांधावरून माझ्याकडे येताना दिसला. साखळीचं एक टोक माझ्या हातात होतं. तो जवळ आला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, बाय गेली." कोण बाय, हे विचारायची गरज नव्हती. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आमचं जे गाव आहे, तिथे बाय म्हणजे एकच... दवाखान्यातली नर्स, माझी थोरली बहीण, अक्का. तापाचं निमित्त झालं. 'ताप आहे, घाबरायचं कारण नाही,' अशी तिची चिठ्ठी आदल्या दिवशीच आली होती आणि मी तिचं ऐकून घाबरलो नव्हतो. त्याला आज सहा आठवडे झाले.

आम्ही मूळचे कराडकडचे. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे घरात कुणी तिला विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. बदली होऊन ती इकडे आली तेव्हा आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे तारापूरला प्रकल्पाचं काम निघालं, रस्ते आणि वसाहती आखायला माणसं हवी होती, तेव्हा तिनेच मला बोलावून घेतलं. मी मोजणीदार. तिच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात मी सहा वर्षं राहिलो. मागच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की रान सुरू व्हायचं. ऐन, साग, कुडा, मधूनच एखादा मोह. मला ते रान म्हणजे साखळी अडकण्याची जागा वाटायची. अक्काला त्यात काय दिसायचं, हे समजायला मला फार वेळ लागला. खरं सांगायचं तर ती असेपर्यंत समजलंच नाही.

तिला रानाचं वेड लागलं ते बाळंतपणांमुळे. पाड्यावरून बोलावणं आलं की बुधी नावाची वारली बाई पुढे आणि पेटी घेऊन अक्का मागे, अशी वरात निघायची. बुधी स्वतः पाड्यावरची जुनी सुईण. जाताना अक्का एखाद्या फुलापाशी रेंगाळली की बुधी मागे वळून म्हणायची, "बाय, चल. पोर काय तुजी वाट बघत बसाचा नाय." येताना मात्र दोघींना घाई नसे. अक्का वाटेतच बसकण मारायची, फुलाला हात न लावता पाकळ्या मोजायची, बुधीला नाव विचारायची. फूल कधी तोडत नसे. घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी, मागच्या दाराच्या चौकटीला टेकून, उभ्याउभ्याच वहीत लिहायची. दवाखान्यातल्या जुन्या रजिस्टरांची कोरी पानं शिवून केलेल्या त्या वह्या.

तिची एक अडचण होती. रानातल्या झाडाचा पत्ता लिहायचा कसा? 'मोहाच्या पुढे, दगडाच्या अलीकडे' असं लिहिलं की पुढच्या वर्षी तो दगड सापडत नसे. मग त्या रानातून नव्या रस्त्याची आखणी झाली, मी नंबर घालून खुंट्या ठोकल्या आणि तिचा प्रश्न सुटला. 'खुंटी बारा, उत्तरेला सात पावलं, रानहळद.' 'खुंटी एकोणीसजवळच्या ऐनावर सीतेची वेणी, यंदा चार घोस.' मी चिडवायचो, "अक्का, ही वही पोस्टमनला देऊ का? पत्रं तरी पोचतील." ती हसायची. "वसंता, तुझ्या खुंट्या फार कामाच्या आहेत बघ," म्हणायची. त्या खुंट्या कशासाठी ठोकल्या आहेत हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यावर आम्ही दोघंही बोलत नसू.

एकतीस नंबरच्या खुंटीपाशी करवंदीची मोठी जाळी होती आणि तिच्यावर कळलावीचे वेल चढलेले. श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळ्या फुलांनी ती जाळी भरून जायची. एकदा वाऱ्याने मोडून पडलेलं एक फूल अक्का घरी घेऊन आली आणि मी उंबऱ्यातच अडवलं. आमच्याकडे हे फूल घरात आणत नाहीत. नावातच आहे, कळ लावणारी. आणलं की भांडण होणार, असं आजीपासून ऐकत आलेलो. मागच्या दारात बसलेली बुधी हसायला लागली. "भांडान कशाचा? आमी गवरी बसवतो ना, तिला हेच लावतो. गवरीचे हात हाय ते." अक्काने फूल हातात घेऊन उलटंसुलटं केलं. पाकळ्या खरोखरच बोटांसारख्या वर वळलेल्या होत्या. तिचं त्या झाडाशी साधं नातं नव्हतं. कंद जहरी. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कुणीतरी तो उगाळून द्यायचं, आणि त्यापायी दोन बायका तिच्या हातावर गेल्या होत्या. पाड्यावर त्या कंदाचं नाव काढलं तरी ती संतापायची. तरी फूल तिने पाण्याच्या पेल्यात ठेवलं. "नाव कुणी काय ठेवलं, त्यात त्याचा काय दोष," एवढंच म्हणाली.

आता जे लिहायचं आहे ते टाळण्यासाठीच मी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो आहे...

चार वर्षांमागची गोष्ट. रस्त्यासाठी झाडं तोडायची वेळ आली. सुरुवात कुठल्या टोकाने करायची ते साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. संध्याकाळी जेवताना अक्का म्हणाली, "एकतीसचं टोक शेवटी घेता येईल का रे? गौरी होऊ देत. बायका तिथूनच फुलं नेतात. तोवर बीही धरेल." तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. हो म्हणायला माझं काही जात नव्हतं. पण त्याच सकाळी कामावर कुणीतरी, "काय हो, बहिणीच्या फुलांना विचारून खुंट्या ठोकता म्हणे," असं म्हणालं होतं आणि सगळे खो खो हसले होते. ते माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "साहेबांचा हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. वर म्हणालो, "आणि झाड कळलावंच आहे ते. बघ, लागली ना कळ?" ती ताटं उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी मी एकतीसपासून तोड सुरू केली. गौरी दोन दिवसांवर होत्या.

त्या वर्षी पाड्यावरच्या बायकांना गौरीच्या हातांसाठी लांबच्या डोंगरावर जावं लागलं. दवाखान्यात कुणीतरी माझं नाव घेऊन बोललं, तेव्हा अक्का म्हणाली, "तो हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर राग काढू नका." हे मला बुधीने सांगितलं. तेव्हाच घरी जाऊन खरं सांगून टाकायला हवं होतं. पुढेही कितीदा ओठांवर आलं. अक्काच्या वागण्यात तर तसूभर फरक पडला नाही. स्वतः मासळीला शिवत नसे, पण सातपाटीची कोळीण आली की माझ्यासाठी सुके बोंबील घ्यायची आणि नाकाला पदर लावून भाजून द्यायची. ते मी खायचो. तिला माहीत नाही, तेच बरं, असं स्वतःला समजावत राहिलो.

नवी नर्स येणार म्हणून गेल्या आठवड्यात घर रिकामं करायला गेलो. फडताळात वह्यांचा गठ्ठा होता. त्या वर्षाची वही काढून मी तिच्या जागी, मागच्या दारात उभा राहून वाचली. 'आज एकतीसपासून तोड सुरू. सुरुवात कुठून करायची ते साहेबांनी वसंतावर सोपवलं होतं, मुकादम बोलता बोलता बोलून गेला. वसंताला विचारायचं नाही. बुधीने तीन कंद खणून आणले. मागच्या कुंपणाला लावले.'

ती पहिल्या दिवसापासून जाणून होती.

पुढच्या वह्या घेऊन खाली बसलो. तोडीनंतरच्या पहिल्या वर्षी, 'खुंटी एकतीस, आता कुंपणाला. एक कोंब. फूल नाही.' मग, 'दोन फुलं. वसंताला हाक मारली. घाईत होता.' गेल्या वर्षी, 'सात फुलं. वसंता घाईत होता.' आणि यंदाच्या आषाढातली ओळ, 'कळ्या धरल्या आहेत. वसंता मनोरला. आला की दाखवायचं.'

मला त्या हाका आठवतात. "वसंता, जरा मागे ये रे," एवढीच हाक असायची. मी पायात चपला सरकवत पुढच्या दाराने निघायचो आणि जाता जाता, "उशीर झालाय अक्का, नंतर बघतो," म्हणायचो. कुंपणावर काय फुललंय ते मला खिडकीतून दिसलेलं असायचं.

अक्का, मी घाईत नव्हतो. तुझ्या शेजारी उभं राहून त्या फुलांकडे बघायची मला लाज वाटत होती. तुला तेही कळलं असणार, आणि तरी तू दर वर्षी हाक मारलीस.