खर्जाची पितळी तार

आमच्या गावच्या सप्त्यात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण वाजायची थांबत नाही. तिचा पहिला मान माझ्या वडिलांचा, आबांचा. त्या वर्षी मात्र आबांची उजवी बाजू लकव्यानं गेल्ती आणि ते घरात बाजेवर पडून होते. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाल्ती. गावात पहिल्यांदाच भोंगे येणार होते.

आबा म्हणाले, "भोंगे लावून राह्यले म्हणं. मंग मला इथं माझा खर्ज ऐकू येईल का रे?"

"येईल की. न यायला काय झालं?"

मी शाळेत फार गेलो नाही, पण शब्द दिला की दिला.

खर्ज म्हणजे वीणेची सगळ्यात जाड, खालच्या सुराची तार. बाकीच्या तारा पोलादी, ही तेवढी पितळी. आबांनी ती तरुणपणी स्वतः चढवली होती आणि पुन्हा कधी बदलू दिली नाही.

जालन्याहून भोंगेवाला मिस्तरी आला. पलटणीत वायरलेसवर काम केलेला माणूस. टाळ-मृदंगाच्या गजरात माईकमधून वीणा बुडते, म्हणून त्यानं एक नवंच काढलं. कानाला लावायच्या जुन्या फोनच्या दोन डब्या, आत लोहचुंबक. एक डबी बारीक तारांखाली बसवली, एक खर्जाखाली. दोन्हींच्या वायरी मशीनला. वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणून ती माझ्या गळ्यात आणि हा माझ्या पोटाशी वाकून पेचकस फिरवतोय. एक भोंगा मी मुद्दाम आमच्या घराकडं तोंड करून बांधायला लावला होता.

बारीक तारा भोंग्यात बोलल्या. खर्ज काही बोलेना. बोटाला लागत होता, माझ्या छातीत घुमत होता, वर मात्र काहीच नाही.

एक टाळकरी म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात न्हाई ना. रुसली ती."

"तुझ्या गळ्याला कटाळली आसंल," मी म्हणालो.

मिस्तरीनं वायरी अदलाबदल केल्या. तेच. मग डब्यांच्या जागा बदलल्या. तर मुकी डबी बारीक तारांखाली जाऊन बोलायला लागली, आणि बोलकी डबी खर्जाखाली येऊन मुकी झाली.

"डबी बराबर हाय, वायर बिलकुल बराबर हाय," तो म्हणाला. खिशातून चुंबकाचा तुकडा काढून त्यानं तारांजवळ नेला. पोलादी तार ओढली गेली. पितळी जागची हलली नाही.

"पाव्हणे, ह्या डबीला लोखंडाचंच ऐकू येतं. पितळ तिच्यासाठी नसल्यासारखंच. पोलादी तार चढवा, जल्दी काम होईल."

मी ताडकन न्हाई म्हणालो. मग आबांना दिलेला शब्द आठवला. बारीक तारा एकाला छेडत ठेवायला लावल्या आणि आबांची तार माझ्या हातानं उतरवली. पोलादी चढली. भोंगा असा घुमला की लोकांनी माना वर केल्या.

वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी घरी निघालो. चालताना मान ताठ होती माझी. दारात माय बसलेली.

"काय सांगू बाप्पा. तोंड भिंतीकडं करून पडले."

आबांनी विचारलं, "कुणाची वीणा हाय ती?"

मी सगळं सांगितलं. डबीचं, लोखंडाचं, पितळाचं. उतरवलेली तार त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली.

"माघारी चढव."

"मंग तुम्हाला ऐकू यायचा न्हाई खर्ज, आबा."

"न आला की मला कळंल, तिथं पितळ हाय. माझ्या जागी दुसरं काई वाजवू नको."

मी माघारी गेलो. तार खुंटीला गुंडाळली, पीळ दिला, आणि जुन्या वाकावरच ती तुटली. जालन्यात दुसरी मिळाली असती. पण ती आबांची नव्हती. परत पोलादीच चढवली.

मिस्तरीला म्हणालो, "खर्जाची वायर उपट."

"आत्ता तर लागलं, पाव्हणे! सकाळधरून ह्याच्यासाठीच मरून राह्यलो ना आपण?"

"उपट म्हणलं ना."

त्यानं उपटली. भोंग्यात नुसत्या बारीक तारा राहिल्या.

घरी आलो तर आबांनी तोंड इकडं केलं होतं. डोळे मिटून भोंग्याकडं कान लावलेला.

"आता बराबर हाय," ते म्हणाले.

मी बाजेच्या कडेला बसलो. तुटकी तार खिशात मांडीला टोचत होती.

सप्ता उठायच्या आतच आबा गेले. मला सुतक, वीणेला हात लावता येईना. सप्ता काही कुणासाठी थांबत नाही. अंगणात लोक तिरडी बांधत होते आणि वरून भोंग्यातून बारीक तारा तेवढ्या येत होत्या. आता खर्जाची वायर जोडा, असा निरोप मी धाडू शकलो असतो. नाही धाडला.