दुभाजकावरच्या शेळ्या

परवा गावाजवळच्या नव्या चौपदरी रस्त्यावर एक म्हातारी दिसली. कमरेएवढ्या दुभाजकाला टेकून ती एकेक शेळी उचलून माझ्या बाजूला उतरवत होती. मी गाडी थांबवली. बघतो तर आमच्याच गावातल्या सखूमावशी. त्यांचं घर रस्त्याच्या एका अंगाला, चरायचा माळ दुसऱ्या अंगाला.

रस्ता होण्याआधी शाळेत सुनावणी झाली होती. साहेबांनी फळ्यावर नकाशा लावला, कुणाची हरकत आहे का विचारलं. मागून एकट्या मावशी उठल्या. "सायेब, आमची जनावरं कुठनं न्यायची?"

साहेबांनी लिहून घ्यायला पेन उघडलंसुद्धा होतं. पण मला तालुक्याला जायची घाई. मीच मागं वळून म्हणालो, "मावशी, बसा आता, उशीर होतोय." दोघं-चौघं हसले. मावशी खाली बसल्या. साहेबांनी पेन मिटलं. हरकत नसल्याच्या कागदावर पहिली सही माझी.

रस्ता झक्क झाला, हे येईल त्याला मीच सांगत असतो. नकाशावर ती एक बारीक रेघ होती. मावशींचं बोटसुद्धा ती सहज ओलांडून गेलं असतं.

शेवटची शेळी गाभण होती. ती उचलायला मी खाली उतरलो, तोवर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मावशींनी मला ओळखलं. शेळीला पोटाशी धरून अगदी मायेनं म्हणाल्या, "जा बाबा तू. तुला उशीर होत असंल."