सुनेची बांधी आणि पांढरं खत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सासरच्या घरात तेवढंही बायकांपैकी कोणाचं नव्हतं. म्हणून ग्रामसेवकाने खताच्या पोत्याबरोबर दिलेला कागद वाचायला सासऱ्यांनी मला बोलावलं. मी दाराआडून वाचला. इंग्रज जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, आणि आमगावच्या बाजूच्या आमच्या गावात कारखान्याचं खत पहिल्यांदाच आलं होतं. दिसायला साखरेसारखं. माझ्या जावेने जिभेवर ठेवून पाहिलं आणि दिवसभर थुंकत बसली.

कागदावर लिहिलं होतं की बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, पाणी आधी बाहेर सोडा, मग खत फेका. हे वाचल्यावर सासरे हसले. आमच्या भागात धानाच्या बांधीतलं पाणी कोणी मुद्दाम सोडत नसे. पाणी धरून ठेवायलाच धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालायचे. एखाद्याने धुरा फोडला तर दोन घरांचं बोलणं दोन पिढ्या बंद राहायचं. मी कागद घडी करून ठेवला.

सासरची एक रीत सांगते. नवी सून आली की तिला एक बांधी लावून द्यायची. लावणीचा रोवणा, निंदण, कापणी सगळं तिने पाहायचं. तिच्या धानातून तिचं लुगडं आणि माहेरचं जाणं-येणं. ऐकायला चांगलं वाटतं. पण बांधी द्यायचे ती सगळ्यात खालची, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, बांधाखालची, जिथे तळ्याचं पाणी पाझरत राहायचं आणि चिखल कधी घट्ट व्हायचा नाही. तिला सुनेची बांधी म्हणत. माझ्याआधी ती जावेकडे होती. माझ्या हाती देताना तिचा सुटका झाल्यासारखा चेहरा मी पाहिला होता.

माझं माहेर देवरीकडे, जंगलाच्या अंगाला. तिकडे तीजेला, म्हणजे पोळ्यानंतर तीन दिवसांनी येणाऱ्या हरतालिकेला, लेकीला आणतात. पोळा झाला की भाऊ न्यायला येतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि दोन्ही तीजा मी सासरीच काढल्या होत्या. पहिल्या वर्षी रोवणा उशिरा झाला म्हणून, दुसऱ्या वर्षी सासूचा पाय मुरगळला म्हणून. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो बापासमोर मान वर करत नसे. तिसऱ्या वर्षी मी स्वतः सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुही बांधी हिरवी दिसली तं जाजो."

त्या साली धान सगळीकडे पिवळा पडला होता. वरच्या हलक्या जमिनीत जास्त. नवं पान निघायचं तेच फिकं, खालची जुनी पानं मात्र हिरवी. सासरे म्हणायचे, जमीन उपाशी आहे. ते खोटं नव्हतं. घरचं शेण गोवऱ्यांत जायचं, शेताला काय मिळणार? वरच्या बांध्यांत पांढरं खत फेकलं आणि आठ दिवसांत धान हिरवागार झाला. गावातली माणसं पाहायला येऊ लागली. माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, इतका हुरूप आला की उरलेली पोती त्यांनी खालच्या बांध्यांत रिकामी केली.

त्यांच्याआधी चार दिवस मी माझ्या बांधीत फेकलं होतं, आणि दुप्पट फेकलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. पोळा वीस दिवसांवर होता, मला घाई होती. कागदातली पाण्याची गोष्ट मला आठवत होती. पण पाणी सोडलं तर सासरे ओरडतील म्हणून तशीच गुडघाभर पाण्यात फेकत गेले. चूक माझी. दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

आठ दिवसांत माझी बांधी हिरवी होण्याऐवजी तांबूस झाली. पाय टाकला की चिखलातून बुडबुडे यायचे आणि सडक्या अंड्याचा वास. धानाचा एक चूड, म्हणजे ठोंब, उपटून पाहिला तर मुळं काळी, बोटांनी निसटून हातात येणारी. मी ती धुऱ्यावर फेकली आणि कोणाला काही बोलले नाही. घरी भाकरी थापताना मी दिवस मोजत होते.

बांधीच्या एका कोपऱ्यात खेकड्याने धुऱ्याला भोक पाडलं होतं. दुसऱ्या वेळी मी ते लगेच बुजवलं असतं, पण त्या दिवसांत माझं लक्ष नव्हतं. तिथलं पाणी झिरपून गेलं होतं, चिखल उघडा पडला होता आणि त्या हातभर जागेतला धान हिरवा होता. उपटून पाहिलं. काळ्या मुळांतून नवी पांढरी मुळं फुटली होती. मी तिथे उभी राहून बराच वेळ ती मुळं पाहिली.

दुसऱ्या दिवशी सासरे बैलांचा पोळ्याचा साज आणायला आमगावला गेले. मी दुपारी कुदळ घेतली आणि धुरा फोडला.

ते आले तेव्हा बांधीत नुसता चिखल. शेजारच्या शेतमालकाने त्यांना वाटेतच सांगितलं होतं, कारण पाणी त्याच्या बांधीत गेलं होतं. आंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, "पानी कोनं सोडलं?"

"मी, मामाजी."

"कायले?"

"मुळं कुजून राहिली होती."

"बोडीत पानी किती हाय, पाह्यलं का? आता पाऊस तुहा बाप पाडते का?"

सासूने सांगितलं की माहेरी जायच्या नादात हिचं डोकं फिरलं आहे. नवरा बैलांना पाणी पाजायला निघून गेला. त्या दिवसापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोलत. रोज सकाळी मी बांधीवर जायचे आणि चिखलात बोट खुपसून पाहायचे. चिखलाला केसासारख्या भेगा पडल्या तेव्हा मी बोडीचं पाणी वाटणाऱ्या पाणकराकडे गेले आणि पाळी मागितली. बाई पाळी मागायला आली म्हणून तो आधी हसला. म्हणाला, पाणी सोडायला तुला पाळी लागली नाही, घ्यायला लागते का? मग त्याने दिली.

पोळ्यापर्यंत बांधी हिरवी झाली. वरच्या बांध्यांइतकी नाही, पण धुऱ्यावरून पाहणाऱ्याला हिरवी दिसेल इतकी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आला. पावसातून चिखल तुडवत आला होता. मी त्याचे पाय धुवायला पाणी दिलं आणि आत जाऊन लुगड्याचं गाठोडं बांधलं. सासरे त्याला घेऊन शेतावर गेले. मला वाटलं, बांधी दाखवायला नेलं. परत आले तेव्हा भावाचा चेहरा उतरला होता. त्याने मला सांगितलं, भासऱ्यांनी खत टाकलेल्या खालच्या बांध्यांनाही आता वास सुटला आहे.

जेवताना सासरे त्याला म्हणाले, "पाव्हणे, बांधी हिरवी झाली, मी नाही म्हनत नाही. पन थ्या चार बांध्या कोन सुकवन? किती सुकवाच्या, पानी कवा घ्याचं, हे हिलेच समजते."

भाऊ म्हणाला, "मामाजी, तीज झाली का मी सोतः आनून सोडतो. चार दिवसाचा सवाल हाय."

"चार दिवसात धान मरते."

हे खरं होतं. मला माहीत होतं की खरं आहे, म्हणून मी खाली मान घालून भावाला भात वाढला. भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दिलेलं लुगडं ठेवून तो गेला. मी त्याला गावाबाहेरपर्यंतही पोचवायला गेले नाही. पहिल्या बांधीचं पाणी उतरत होतं.

चारही बांध्या वाचल्या. नंतर कृषी खात्याच्या एका साहेबाने गावात येऊन समजावलं की या खतात गंधक असतो. वरच्या जमिनीत गंधक कमी म्हणून तिथे धान सुधारला. खाली साचलेल्या पाण्यात हवा नाही, तिथे तोच गंधक सडून मुळं मारतो. आम्हाला गंधक माहीत होता तो खरजेला तेलात कालवून लावायचा, पिवळा. पांढऱ्या खतात तो असेल हे कोणाला पटलं नाही. सासरे साहेबाला म्हणाले, आमच्या सुनेला विचारा. साहेबाने विचारलं नाही.

पुढच्या वर्षापासून खालच्या सगळ्या बांध्यांचं पाणी माझ्याकडे आलं. रोवण्यानंतर खत पडायचं आणि पाणी काढून चिखल सुकवायची वेळ नेमकी पोळा ते तीज. दरवर्षी तीच. मी शिकवायला तयार होते. जावेला सांगितलं, भेग केसाएवढी पडली की पाणी घे. ती म्हणाली, "मले नको शिकवू बाई. शिकली तं मी बी अडकन." तिने बरोबर केलं. ती तीजेला जायची.

भाऊ आणखी चार वर्षं आला. प्रत्येक वर्षी आंगणात बसायचा, चहा घ्यायचा, सासऱ्यांशी धानाचं बोलायचा आणि परत जायचा. पाचव्या वर्षी आला नाही. त्या दिवशी मी धुऱ्यावर होते. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग पाणकराकडे पाळी सांगायला गेले.