कारणासहित नकार

"चहा घेणार?" या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं असतात असं मी समजत होतो. आमच्या अंबडच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांकडे तिसरं होतं. "नाही. कारण सकाळपासून दोन झालेत. चारनंतर विचारा." आणि चारनंतर कुणी विचारलं नाही, तर त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

नकाराला तीन भाग असतात, असं त्यांचं म्हणणं. नाही, का नाही, आणि मग आता काय करायचं. "तिसरा भाग गाळला की त्याला हाकलणं म्हणतात," ते सांगायचे. "स्टँडवरची चौकशीची खिडकी बघा. मान वर न करता 'नाही'. अहो, गाडी नाही तर माणसानं जायचं कुठं?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याच्या टेबलाजवळून जाताना आपण उगाच फोन कानाला लावतो.

ते देवळाली कॅम्पात एकटेच राहायचे. लग्न का झालं नाही, ते त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं. मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलीच्या वडलांनी विचारलं, "मग, पसंत?" हे म्हणाले, "नाही. कारण तुमच्या मुलीला मी आवडलेलो दिसत नाही. माझा एक मावसभाऊ आहे गंगापूर रोडला, त्याचा नंबर देतो." पुढे मावसभावाचं लग्न त्याच मुलीशी झालं. लग्नात आहेर देताना नवरी यांच्याकडे बघून हसली म्हणे. "योग्य जागी पोचवलं," एवढंच बोलून त्यांनी डबा बंद केला.

आमचं काम काय, ते सांगतो. तुमच्या मोबाइलमधलं अॅप काहीतरी विचारतं आणि दूर कुठला तरी सर्व्हर त्याला उत्तर देतो. या दोघांनी बोलायची खिडकी म्हणजे एपीआय. ती खिडकी आम्ही बांधतो. उत्तराबरोबर एक आकडा जातो. दोनशे म्हणजे सगळं ठीक. चारशेच्या घरातला म्हणजे नकार. ज्या क्षेत्रात नकाराला स्वतंत्र आकडे नेमून दिलेत, तिथं हे गृहस्थ रमले नसते तरच नवल. आकड्याखाली ते मराठीत ओळ घालायचे: 'आजच्या वेळा भरल्या आहेत. उद्या सकाळच्या शिल्लक आहेत, त्यातली निवडावी.'

ही खिडकी बांधायची सगळी अवजारं खुली, फुकट मिळणारी. आमचे मालक मात्र गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचं स्वतःचं तंत्रज्ञान." एका बैठकीत गिऱ्हाइकानं कौतुकानं यांना विचारलं, "हे सगळं तुम्हीच बनवलं?" "नाही. कारण जगभरच्या लोकांनी हे बनवून फुकट ठेवलंय. पत्ता लिहून देतो, तुम्हीही घ्या." त्यानंतर त्यांना बैठकीला नेणं बंद झालं. बैठकांना मीच जाऊ लागलो. मी प्रोजेक्टचा प्रमुख होतो, आणि मला 'हो' फार चांगलं म्हणता येतं.

चांदवडकडचे एक कांद्याचे शेठ आमचं गिऱ्हाईक झाले. शेतकऱ्यानं घरूनच अॅपवर नंबर लावायचा आणि ठरल्या वेळी कांद्याचा ट्रॅक्टर शेठच्या गेटवर आणायचा. अॅप दुसऱ्या कंपनीचं, खिडकी आमची. शेठच्या केबिनमध्ये एक मोठा पडदा लावला होता. नंबर लागला की हिरवा ठिपका, नकार गेला की लाल.

"हे लाल काय दिसतं हो?" शेठ मला म्हणाले. "पाहुणे येतात. बरं नाही दिसत."

"सोमवारपर्यंत सगळं हिरवं होईल, शेठ," मी म्हणालो.

ऑफिसात येऊन मी यांना सांगितलं, नकार असला तरी आकडा दोनशेच पाठवा, कारण हवं तर खाली लिहा.

"नाही, सर. कारण ते अॅप फक्त आकडा वाचतं, खालची ओळ वाचत नाही. लाल नको असेल तर पडद्याचा रंग बदला, उत्तर बदलू नका."

तिसरा भाग तेव्हाही होता. पण मी शब्द देऊन बसलो होतो, आणि त्यांचं ऐकलं असतं तर ते बरोबर ठरले असते. ऑफिस बंद असताना मी स्वतः बसलो आणि बदल करून सर्व्हरवर चढवला. सर्व्हरची किल्ली, म्हणजे लॉगिन, त्यांच्याच नावाची होती, त्यामुळे बदलही त्यांच्याच नावावर गेला. हे मला चढवतानाच माहीत होतं.

सोमवारी पडदा हिरवागार झाला. हायवेवर ट्रॅक्टरांची रांग लागली. ज्यांना जागा नव्हती त्यांनाही 'नंबर लागला' असं दिसलं होतं. मी गेटवर पोचलो तेव्हा एक शेतकरी मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवत होता. "हा पहा टिक्का! आन् हे गेटवाले म्हंत्यात, जागाच नाय. अहो साहेब, नाय म्हनायचं होतं ना सरळ! लासलगावला गेलो असतो. लाज वाटती का काय तुम्हाला नाय म्हनायची?"

संध्याकाळी मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सर्व्हरवरच्या बदलाची नोंद समोरच उघडी होती. "हे तुम्ही केलंत?" त्यांनी यांना विचारलं.

मी वाट बघत होतो. नाही, कारण मी केलेलं नाही, सरांना विचारा. तीन भाग तयार होते. यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी मोकळं ठेवलं होतं. मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाल्यावरही तोंडाला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मी जुनं उत्तर परत चढवलं आणि पडद्यावरचा लाल बदलून अबोली केला. शेठ खूश झाले. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

त्यांची खुर्ची आता कुरिअरची खोकी ठेवायला वापरतात. चारनंतर चहावाला अजून तिथं घुटमळतो, मग पुढे जातो.

परवा मी त्यांना फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, मग म्हणालो, "परत येता का? मालकांशी मी बोलतो."

"नाही, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "कारण तिथं माझं नाव खराब आहे, आणि ते मला पुसता येत नाही." त्यांच्याकडे तिसरा भाग नाही असं होणं शक्यच नव्हतं. "मालक अकराला येतात. दार उघडंच असतं."

आज मी आत गेलो. मालकांनी मान वर न करता विचारलं, "काय, सगळं ठीक?"

"नाही," मी म्हणालो, आणि कारण सांगायला खुर्ची ओढून बसलो.